चौदाव्या विमानानंतरची रेघ

१२ मार्च
आज पुन्हा ती टोपी! आम्हा विमान-नियंत्रकांच्या मेंदूवर कामाचा किती भार पडतो ते मोजतात म्हणे. कपाळावर लाल दिवे, पडद्यावर सरावाची विमानं, एकेक वाढवत अठरा. चौदापर्यंत आलेखावर माझ्या मेंदूची रेघ चढत गेली, मग सपाट. मी तोऱ्यात म्हटलं, "बघा, डोकं थंड!" संशोधन करणाऱ्या निता मॅडम हसल्या नाहीत. "सपना, ही शांतता नाही. इथे मेंदूने हात टेकले." रेकॉर्डिंग ऐकवलं. मी दिलेली उंची परत म्हणताना एक वैमानिक चुकला, आणि मी गोड आवाजात म्हणतेय — बरोबर! खरी विमानं असती तर?

१३ मार्च
डोक्यात दिवसभर तेच. थकवा जाणवला होता का, मॅडमनी विचारलं. अजिबात नाही. त्याचीच भीती वाटते.

१५ मार्च, आसेगाव
आठ दिवसांची रजा. बाबांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. आई त्यांना भरवते, कूस बदलते, गोळ्या देते, वर शेत. रवीदादा पुण्याहून फोनवर चौकशी करतो. शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, "तुयी माय कधी चिडत नाही पाय. लय शांत बाई!" आईला विचारलं, थकतेस का?
"मले काय धाड भरली?"
या उत्तराचं मला आजवर कौतुकच वाटायचं.

१७ मार्च
संध्याकाळी आईने बाबांना बीपीच्या गोळ्या दिल्या. भांडी घासली. आणि परत गोळ्या काढल्या! मी हात धरला. "आई, आत्ताच दिल्यास ना!"
"देल्या का? बरं."
दचकली नाही, काही नाही. गोळ्या डब्यात टाकल्या आणि कणीक मळायला बसली.

१८ मार्च
टॉवरमध्ये खुर्चीवरचा माणूस कधीच म्हणत नाही, मला उठवा. मागे उभ्या असलेल्याने ओळखायचं असतं. मी दोन वर्षं मागे उभी होते — तेही फोनवरून. लाज वाटली. आईला म्हटलं, चार दिवस मावशीकडे जा, मंगरूळपीरला.
"अन् याइले कोन पाहीन?"
"मी."
"तुले जमते का व?"
बाबांनी चालत्या हाताने दाराकडे खूण केली — जा. तेव्हा कुठे ती एसटीत बसली.

२० मार्च
बाबांची कूस बदलताना माझी कंबर धरली. आई हे रोज करते, दर दोन तासांनी! रवीदादाला झापलं. "बघतो" म्हणाला.

२२ मार्च
आज रजा संपली. दुपारी आईचा फोन. "सपना, मी आज येत नाही व." मग हुंदके. आईला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.
"थकली व मी. लय थकली."
म्हटलं, नको येऊ. रजा वाढवतेय हे ऑफिसला अजून कळवायचंय.