तांबडीला मारलेली हाक

आप्पा, तांबडी हरवलीय. तुमची नव्हे, ती बिचारी कधीच गेली. ही माझी, अमेरिकेतली. रविवारपासून पत्ता नाही. गाभण आहे, दिवस भरत आलेत, आणि व्हर्जिनियाच्या डोंगरात कुठंतरी एकटी भटकतेय. कुत्रीपायी रडणाऱ्या माणसाला वेडा न म्हणणारं माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून तुम्हालाच सांगतोय.

मॉरिसव्हिलच्या आमच्या घरापासून तासाभरावर एक म्हातारी राहायची. लेकीला घोडा शिकायला तिच्याकडे न्यायचो. तिच्याच तबेल्यात, कॉफी पीत आणि आमच्या घरचा चिवडा खात, आम्ही सहासात जणांनी कोल्ह्याच्या शिकारीचा क्लब काढला. शिकार आपली नावाला. कोल्ह्याला मारायचं नाही, कुत्र्यांनी वास काढत धावायचं आणि मागून घोडे. बायको म्हणाली, "लोक इथं येऊन मंडळ काढतात, गणपती बसवतात. तुम्ही हे काय काढलंत?" घोड्यावर बसायची माझी काही हिंमत झाली नाही, त्यामुळं कुत्री माझ्याकडे आली. म्हातारीच्या दोन कुत्र्या आणि बाहेरून आणलेला एक कुत्रा, एवढ्यावर मी वीण वाढवली. ऑफिसच्या आधी जाऊन पिल्लांचे डोळे पुसायचे आणि तशाच कपड्यांनी मीटिंगला बसायचं. तुमची कारवानी कुत्री मुकाट धावायची, नजरेनं ससा धरायची. ही नाकावर चालतात आणि माग लागला की गळा काढतात, अख्खं रान दणाणतं. तुम्ही म्हणाला असतात, "अरे, केवढा हा गलका!" पण पिल्लू उचललं की त्याच्या छातीवरून मी तुमच्यासारखीच बोटं फिरवायचो. त्यातल्याच एका तांबूस पिल्लाचं नाव मी तांबडी ठेवलं.

इथं कुत्र्यांना परत बोलवायला शिंग फुंकतात. मला ते जन्मात वाजलं नाही, नुसती थुंकी उडायची आणि म्हातारी पोट धरून हसायची. एकदा वैतागून मी ओरडलो, "यूऽ यू यू यूऽ!" तुम्ही परसात भाकरी घेऊन ओरडायचात, अगदी तस्सं. पिल्लं एकमेकांवर पडत-झडत पायाशी आली. झालं! शिंग राहिलं खुंटीला. म्हातारीनं विचारलं, "हू टॉट यू दॅट?" मी म्हटलं, "माय फादर." काय फुगलो होतो मी त्या दिवशी!

आणि तुम्ही तर मला बजावलं होतंत. मी नववीत होतो. तुमच्या तांबडीला मी फक्त माझ्याच हातचं खायला शिकवलं होतं आणि गल्लीभर मिरवत होतो. तुम्ही माझ्या हातातली भाकरी काढून घेतलीत, शेजारच्या काकूंना दिलीत. "त्यांच्या हातचं खाऊ दे तिला. उद्या तू नसलास तर हिनं काय उपाशी मरायचं?" मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही, आप्पा. ड्राइव्ह करताना, जेवताना, सारखं तेच.

गेल्या वर्षी म्हातारी गेली. तिच्या मुलांनी जमीन बिल्डरला विकली. मी राहतो ना, तसलीच टाउनहाऊसं तिथं उभी राहतायत. क्लब मोडला आणि व्हर्जिनियाच्या एका क्लबानं आमची कुत्री घेतली. तांबडीला मी घरी आणू शकलो असतो. पण एवढ्या वर्षांची वीण तिच्या पोटी पुढं चालायची होती, म्हणून काळजावर दगड ठेवून पाठवली. रविवारी तिथली कुत्री सांभाळणाऱ्या बाईनं त्यांना नुसतं फिरायला मोकळं केलं, मग शिंग वाजवलं. बाकीची एकमेकांच्या मागोमाग परतली. तांबडी नाही आली. कशी येईल? तिला कुठं माहीत होतं की ते शिंग म्हणजे घरी चल? तिच्या गळ्यातला ट्रॅकर काटेरी झुडपात तुटून पडलेला सापडला.

ऑफिसात फॅमिली इमर्जन्सी सांगून मी गेलो. दोन दिवस त्या डोंगरात ओरडत फिरलो, घसा पार बसला. रक्ताची चव येत होती तोंडात. तिसऱ्या दिवशी परत यावंच लागलं. लेक म्हणाली, "बाबा, यू कान्ट कीप स्क्रीमिंग. जस्ट रेकॉर्ड इट." मग पार्किंगमध्ये उभा राहून, उरलासुरला आवाज काढून, मी हाक रेकॉर्ड केली. तिथली बाई रोज सकाळी ट्रकवर स्पीकर लावून ती वाजवत फिरते. तिच्या वाड्यातली आमची कुत्री म्हणे ती ऐकून जाळीला येऊन उभी राहतात आणि रडतात. आजही तिचा मेसेज आला, "नथिंग यट. सो सॉरी." बाहेर थंडी पडायला लागलीय. पिल्लं उघड्यावर झाली तर काय करील ती? मला काही सुचत नाही, आप्पा. खरंच काही सुचत नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार, आणि कुठल्या पत्त्यावर! एक मात्र तुम्हाला सांगून ठेवतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी शेवटी माझा आवाज फुटला, आणि "यू यू" म्हणता म्हणता तोंडातून "आप्पा" निघून गेलं. लेक म्हणाली, तेवढं कट करू या. मी म्हटलं, राहू दे.