तिन्ही डब्यांना एकच बिल्ड

३ मार्च, सोमवार
नवा संकल्प: काम कमी, परिणाम जास्त. आपली कंपनी गॅसगळतीचे अलार्म बनवते. डबे तीन तऱ्हेचे, प्रोसेसर तीन तऱ्हेचे, म्हणून एकच प्रोग्राम कम्पायलरचे, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचे ऑप्शन बदलून तीनदा बिल्ड करायचा. शुद्ध मागासलेपणा! यापुढे सगळ्यांना एकच सेटिंग, सर्वात नव्या चिपचं. साहेब म्हणाले, जबाबदारी तुमची. केवढा विश्वास!

५ मार्च
फत्ते. टेस्टिंगच्या मॅडमनी मात्र खोडा घातला. म्हणाल्या, जुन्या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारा भागच नाही, नव्या सेटिंगचे हुकूम तिला कळायचे नाहीत. मी जुन्या डब्यात प्रोग्राम भरून दाखवला. हिरवा दिवा लागला. तर म्हणे दिवा लागणारच, गणित गॅस आल्यावर सुरू होतं, गॅस सोडून बघू. टेस्टचा सिलिंडर संपलेला. माझा काय दोष?

६ मार्च
बायकोला समजावून सांगितलं. तिचा भाऊ शीतगृहात अमोनियावर चालणारं गारव्याचं मशीन चालवतो, तिथे आपलेच जुने डबे आहेत. तिने विचारलं, तिघांच्या अंगाला एकच सदरा कसा बसेल? हिला टेक्निकल कळत नाही, पण उदाहरणं बरी देते.

१० मार्च
रिलीज! गावोगावच्या डब्यांत नवा प्रोग्राम गेला.

१४ मार्च
एकही तक्रार नाही. पूर्वी कुठून ना कुठून रोज खोट्या भोंग्याची बोंब असायची. आता चिडीचूप. साहेब खूश. बढतीचं बोलावं का?
संध्याकाळी मेहुण्याचा फोन. म्हणाला, भाऊजी, तुमचा डबा हल्ली बोलतच नाही, काल पाइप खोलताना वासाने डोळ्यांतून पाणी आलं तरी गप्प. म्हटलं, तो आता समजूतदार झालाय, किरकोळ गोष्टींना ओरडत नाही. तो हसला. म्हणाला, तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार.

१७ मार्च
सिलिंडर आला. मॅडम रजेवर. त्यांच्यामागे टेस्ट उरकणं बरं दिसत नाही. सिलिंडर कपाटाआड ठेवला.

१९ मार्च
झोप नीट लागत नाही. चहा कमी करणार. जुना डबा टेबलावर घेतला, नळी जोडली, तेवढ्यात मीटिंग. म्हणजे मीटिंग नव्हती, पण असू शकली असती.

२१ मार्च, शुक्रवार
सगळे जेवायला गेल्यावर नळीतून गॅस सोडला. भोंगा नाही. आणखी सोडला. नाही. बटणं दाबून पाहिली, डबा आतून ठार गोठलेला. वर हिरवा दिवा मात्र छान चालू.
घाबरण्यासारखं काही नाही. गळती काय रोज होते? सोमवारी जुनं ऑप्शन परत लावून ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून पाठवीन. आज सांगितलं तर लोकांच्या पोटात उगाच गोळा येईल. मेहुण्याला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवला. त्याला तरी कशाला घोर?

२२ मार्च
शीतगृहात व्हॉल्व्ह फुटला. डबा गप्प. मेहुण्याला वास आला, त्याने आत माल निवडणाऱ्या बायकांना बाहेर काढलं आणि व्हॉल्व्ह बंद करायला एकटा परत आत गेला. बायकोने फोनवर एवढंच सांगितलं.

२३ मार्च, रविवार
दवाखाना. मेहुण्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डॉक्टर नजरेबद्दल काही बोलत नाहीत. बायको त्यांच्या मागे गेली. तेवढ्यात त्याने विचारलं, भाऊजी ना? डबा का गप्प बसला, कळलं का? दुसरीकडे असेच डबे आहेत, तिथल्या माणसांना सांगितलंत ना?
म्हटलं, चौकशी चालू आहे, तू पड.
तसं सांगायचं म्हटलं तर आधी कारण लिहून द्यावं लागेल. आज ऑफिस बंद. उद्या पहिलं काम तेच.
मॅडमचा फोन आला. परत आला. लागोपाठ येतच राहिला. आवाज बंद करून ठेवला. दवाखान्यात शांतता पाळायची असते.