वह्या राबात, भात फ्लॅशमध्ये

५ एप्रिल, रविवार. गाव.

"मंग ते आता कुठं हाय?" गुरुजींनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. आत्ता लिहितानाही येत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.एस्सी. कॉम्प्युटर, संगमनेरला दीड वर्ष वेबसाइट बनवते, आणि एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही.

गावच्या शाळेच्या नव्या वेबसाइटचं काम आमच्या ऑफिसला मिळालंय, म्हणून निवृत्त गुरुजींकडे गेले होते. जुनी वेबसाइट त्यांनी केलेली, एकट्याने, मी तिसरीत असताना. आख्खी फ्लॅशमध्ये, म्हणजे हलती चित्रं करायच्या त्या जुन्या प्रोग्राममध्ये. गावातल्या जुन्या भातांची माहिती. लोंबीला क्लिक केलं की ती डुलायची आणि त्या भाताची हकीकत पडद्यावर यायची. आता कुठेच उघडत नाही. मी समजावलं की फ्लॅश चालवणारं प्लग-इन बंद झालं, सगळ्या ब्राउझरांनी ते काढून टाकलं. ते म्हणाले, चालवणारा गेला हे कळलं, पण मी केलेलं गेलं कुठं?

म्हटलं, वह्यांवरून परत टाइप करू. म्हाताऱ्या माणसांकडे वाडी-वाडी फिरून त्यांनी एका भाताची एक, अशा नऊ वह्या भरल्या होत्या, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

गुरुजी चष्मा पुसत बसले. मग कळलं. 'कॉम्प्युटरवर चढलं, आता वह्या कशाला' म्हणून त्याच वर्षी राबाला दिल्या. रोपाची जागा भाजताना पाल्याखाली कागद चांगला पेटतो.

तेव्हा सांगणाऱ्यांपैकी आज कोणी नाही.

सध्या राब भाजणीचेच दिवस. येताना जीपमधून दोन्ही बाजूंना काळे चौकोन दिसत होते. जाताना त्यांच्याकडे बघवेना.

७ एप्रिल, मंगळवार. संगमनेर.

ऑफिस म्हणजे सागर सर, मी, आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. नव्या साइटचा नमुना आज दाखवला. सरांनी घेतलेल्या ॲनिमेशनच्या नव्या प्लग-इनमध्ये केलाय. पान उघडलं की खालून डोंगर वर येतात, धुकं सरकतं, भाताची लोंबी डुलते, शाळेचं नाव एकेक अक्षराने उमटतं. दोन दिवसांत झालं. सगळं हाताने लिहिलं असतं तर पंधरा दिवस गेले असते. हे मुद्दाम लिहून ठेवते. उद्या मीच या प्लग-इनला नावं ठेवायला लागले तर आठवावं.

मुख्याध्यापकबाई आल्या होत्या. मोठ्या पडद्यावर दोनदा परत लावायला सांगितलं. मलाही छान वाटलं. लाज वाटायचं कारण नाही.

सर म्हणाले, "आशा, लोक पाच सेकंदांत ठरवतात. साधं पान दाखवलं तर म्हणतील, यात काय केलं?"

१ मेला झेंडावंदन आणि निकाल, त्याच दिवशी साइट सुरू करायची. जुन्या भातांची माहिती त्यात घालायची. असली तर.

९ एप्रिल, गुरुवार.

गुरुजींनी सीडी पाठवली. जीपवाल्याच्या हातून, उपरण्याच्या तुकड्यात बांधून. आमच्या लॅपटॉपांना सीडीची जागाच नाही. खालच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर घातली. दोनदा नुसती घरघर. तिसऱ्यांदा उघडली.

जुन्या फ्लॅशच्या फाइली चालवून दाखवणारा एक मोफत प्रोग्राम नेटवर मिळतो. तो लावला. आधी नुसतं पांढरं. मग चिखलात पाय पडल्याचा आवाज. मग शेत, पाच बायका ओळीने वाकलेल्या. आवणी, भाताची लावणी, चाललीय. डावीकडून दुसरीवर माउस नेला आणि आई गायला लागली.

तेव्हाचा आवाज पातळ होता तिचा. तिसरीत शाळेच्या एकुलत्या कॉम्प्युटरवर हे पाहिलं होतं. आई त्या डब्यात गेली कशी, ते कळेना म्हणून कॉम्प्युटर शिकले. नोकरीच्या मुलाखतीत वेगळं कारण सांगितलं होतं.

म्हणजे गेलं नव्हतं. आत होतं. गुरुजींना फोन केला तर म्हणाले, "वाच ना मंग." जणू मी नुसती वाचत नव्हते म्हणून अडलं होतं.

१२ एप्रिल, रविवार. गाव.

लॅपटॉप ओट्यावर ठेवला. एका बाजूला आई, एका बाजूला गुरुजी. आईने पाची बायका नावानिशी ओळखल्या. त्यातल्या दोघी आता नाहीत. त्यांच्यावर तिने बोट नेलं नाही, मलाही नेऊ दिलं नाही. मग थोड्या वेळाने स्वतःच नेलं.

आईला एक जुनी गोष्ट आठवली. "आदी तर गुरुजींनी आमाला पुढं चालवलं हुतं. लावलेली रोपं तुडवत निगालेलो आमी. समदी वाडी हसली."

गुरुजी मूळचे शेवगावकडचे, बाजरीच्या मुलखातले. आवणी करताना बाई मागे सरते, लावलेलं रोप पुढ्यात राहतं, हे त्यांना नोकरीला इकडे येऊन कितीतरी वर्षं झाली तरी दिसलं नव्हतं. बांधावरून बघायचे. आईने सांगितल्यावर दिवाळीच्या सुट्टीत बसून एकेक चित्र परत काढलं आणि पाची जणींना मागे चालवलं.

"तवर पंधरा वर्सं शिकवलं हुतं इथं," गुरुजी म्हणाले, "अन् बाया कंच्या अंगाला चालत्यात ते तुज्या आईनं शिकवलं."

"फी न्हाई दिली अजून," आई.

'बायका रोपे लावतात' असं त्यांनी वहीत लिहिलं होतं म्हणे. ते बरोबरच होतं. ती चूक वहीत कोणालाच दिसली नसती. चित्र हललं तेव्हा दिसली. मी कॉलेजात शिकले की वेबसाइटवर हलती चित्रं म्हणजे सजावट. हे कुठल्या खात्यात घालू?

१४ एप्रिल, मंगळवार. सुट्टी.

दिवसभर उतरवून घेतेय. गुरुजींनी एकही अक्षर स्वस्थ उभं केलेलं नाही. प्रत्येक ओळ उजवीकडून धावत येते, जरा थांबते, विरघळते. अक्षरं म्हणजे आत चित्रंच, त्यामुळे उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत. शोधताही येत नाहीत. नेटवर कोणी 'काळभात' लिहून शोधलं असतं, तर इतकी वर्षं ही साइट त्याला सापडलीच नसती. होती आणि नव्हती.

थांबवायचं, लिहायचं, पुढे. एकट्या ढवळ भातात सकाळ गेली. बी कसल्या कणगीत ठेवायचं, कुठल्या पाल्यात, किती दिवस. सांगणाऱ्या बाईचं नावही आहे शेवटी. तेही विरघळतं.

फोनवर गुरुजींना विचारलं, अक्षरं तरी उभी ठेवायची होती. "उभं अक्षर तर फळ्यावर पन असतंय," म्हणाले. "पोरं कॉम्प्युटरकडं कशाला बघतील?" सागर सरांचे पाच सेकंद ते हेच.

१७ एप्रिल, शुक्रवार.

आठ भातं झाली. शेवटचं वरंगळ राहिलं होतं. त्याची लोंबी बाकीच्यांसारखी नुसती डुलत नाही. स्वतःभोवती फिरते, हिरवी होते, पिवळी होते, दाणे एकेक करून उजळतात. आख्ख्या सीडीत इतकं सुंदर दुसरं काही नाही.

क्लिक केलं. "माहिती लवकरच."

परत केलं. दहा वेळा केलं असेल. फाइली उघडून आत पाहिलं. मागे काही नाही. नववी वही चढलीच नव्हती आणि राबात गेली.

फोन नाही केला. हे फोनवर सांगायचं नाही.

१९ एप्रिल, रविवार. गाव.

सांगितलं. वरंगळ आता कोणी लावत नाही, बीही नाही, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला.

गुरुजी रागावले नाहीत, रडले नाहीत. म्हणाले, "ती लोंबी फिरवण्यात माजे आठ दिस गेले. फिराया लागली अन् मला वाटलं, झालं काम."

मला माझे खालून वर येणारे डोंगर आठवले.

घरी आल्यावर आई म्हणाली, ते संगमनेरवालं तरी दाखव, तुझ्या बापाच्या फोनवर लाव. रेंज एक काडी. धुकं आलं. डोंगर अर्धे वर आले आणि थांबले. आप्पा फोन धरून अंगणभर फिरले, गोठ्याच्या कोपऱ्यात उभे राहिले. शेवटी म्हणाले, "डोंगर दावायला एवढा येळ? दाराम्होरं तर हाय."

आई हसली. मी नाही.

२१ एप्रिल, मंगळवार. संगमनेर.

सरांना सांगितलं, गावात साइट उघडत नाही. ते म्हणाले, "गावात कोण बघणार आहे? बाहेरचे बघणार. बाईंनी पसंत केलंय, आता हात लावू नको."

विचारलं, हे प्लग-इन बनवणाऱ्यांनी उद्या बंद केलं तर? सर म्हणाले, मग नवी साइट बनवून देऊ, आपला धंदाच तो. खोटं नाही बोलत ते. माणूस वाईट नाही, मला काम त्यांनीच शिकवलं. धंदा चालेल. भाताचं काय होईल?

हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायला हवं होतं.

२३ एप्रिल, गुरुवार.

ऑफिस सुटल्यावर खोलीवर बसून दुसरी साइट करतेय. साधी. शब्द शब्दांसारखे, उचलता येतील, शोधता येतील असे. प्लग-इन एकही नाही. आठही भातं लिहून झाली. फार स्वच्छ वाटतंय. सगळ्यांना उघडेल, सगळ्यांना मिळेल.

२६ एप्रिल, रविवार. गाव.

एका काडीवर उघडली. आप्पा म्हणाले, "ही चालती." गोठ्यापर्यंत जावं लागलं नाही.

फोन आईने घेतला. अंगठ्याने वर-खाली केलं, पुन्हा वर-खाली. "बरं हाय," म्हणाली. मग, "ह्यात मी कुटं हाय?"

तिला वाचता येत नाही. मी 'सगळ्यांसाठी' म्हणून जे केलं, त्यातून पहिली तीच बाहेर गेली.

दुपारभर ओट्यावर बसून बदललं. पाच बायकांचं एक उभं चित्र. ज्या बाईवर बोट ठेवाल तिचा आवाज येतो. त्याखाली मागे सरण्याचा अगदी छोटा व्हिडिओ, दाबला तरच चालणारा. जुन्यात आवाज आणि हालचाल एकत्र होती, इथे वेगळी झाली. लोंबी बोटाखाली डुलायची ते गेलं. ते मला नाही जमलं. पण आईने बोट ठेवलं आणि स्वतःचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

मग गुरुजींकडे. वरंगळच्या पानावर मी लिहिलं होतं: 'माहिती उपलब्ध नाही.' त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं आणि नकारार्थी मान हलवली.

"वही मी जाळली असं लिही."

म्हटलं, गुरुजी, आठ भातं तुमच्यामुळे राहिली. ते कशाला.

"पोरी, उपलब्ध न्हाई म्हनजे जसं काय कधी नव्हतंच. हुतं ते. माज्या हातात हुतं. माजं नाव घालून लिही."

लिहिलं. त्यांनी दोनदा वाचून घेतलं. खाली एवढं जोडायला सांगितलं की कोणाला आठवत असेल त्याने शाळेत येऊन सांगावं.

३० एप्रिल, गुरुवार. गाव.

काल दुपारी चारला प्लग-इनवाली साइट काढली आणि साधी चढवली. आधी मुख्याध्यापकबाईंना फोन करून तिचा पत्ता दिला. शाळेच्या व्हरांड्यातून स्वतःच्या फोनवर उघडून पाहा म्हटलं. त्यांनी पाहिलं. "डोंगर कुठे गेले गं?" एवढंच. मग म्हणाल्या, पण इथे उघडली खरी. राहू दे.

सरांना आज सकाळी ऑफिसात तोंडावर सांगितलं. त्यांनी साइट उघडली, आईच्या चित्रावर बोट ठेवलं, गाणं अर्धं ऐकलं. "न विचारता केलंस," म्हणाले. हो म्हटलं. "उद्याचा कार्यक्रम होऊ दे, मग बोलू." काय बोलतील ते माहीत नाही. सोमवारी कळेल.

दुपारच्या एसटीने येताना अकोले स्टँडवर उतरून सगळी भातं कागदावर छापून घेतली. तीन प्रती, दोऱ्याने शिवलेल्या. एक शाळेच्या कपाटात, एक माझ्याकडे. एक गुरुजींना नेऊन दिली. आई बरोबर होती. म्हणाली, "गुरुजी, काडीपेटी लांब ठेवा हां." ते हसले, पण प्रत मांडीवरून खाली ठेवली नाही.

वरंगळचं पान तिन्ही प्रतींत गुरुजींच्या त्या ओळींखाली कोरं आहे. लिहायला रेघा मी हाताने मारल्यात.