बोटाची चव

३ जून
आज रुजू झालो! काम झकास आहे. प्रयोगशाळेतल्या दोनशे नाकतोड्यांना गवत घालायचं आणि कोण किती खातं ते लिहायचं. मुख्य बाई फार हौसेनं समजावतात. नाकतोड्याच्या तोंडापाशी चार इवल्या काड्या असतात. बाई त्यांना चाखकाड्या म्हणतात. टोकांवर शेकडो केस. काहींना नुसता स्पर्श कळतो, काहींच्या टोकाला छिद्र असतं, तिथून चव कळते. त्यामुळे आधी पान टकटक चाचपायचं, कडू लागलं तर तोंडच लावायचं नाही. आमच्या अण्णांसारखेच नखरे, असं मी म्हणालो. बाई हसल्या. वडिलांना जाऊन महिना झालाय, हे मी सांगितलं नाही.

६ जून
गंमतच आहे! मी घातलेलं गवत जसंच्या तसं. त्याच भाऱ्यातलं झाडूवाल्या मावशींनी घातलं, तर फडशा. मावशी म्हणाल्या, साबण बदला. बदलला.

९ जून
साबणाचा दोष नाही. माझ्या डाव्या हातचं खातात, उजव्या हातचं नको. कडवटपणा महिनाभर बोटाला राहतो का, असं बाईंना विचारलं. छे, काहीतरीच काय, म्हणाल्या.
ताईचा फोन आला. अण्णांचं तू एकट्यानं केलंस, रविवारी येते, तुझ्या हातचा चहा पिईन म्हणाली. फोन ठेवला आणि उजवा हात पुन्हा धुतला.

११ जून
पिंजऱ्यात उजवा हात घातला. सगळे जमले. एकाच बोटावर टकटक, टकटक. मग सगळे मागे सरले.
त्याच बोटानं ढवळलं होतं.

१३ जून
लिहूनच टाकतो. झोपेच्या गोळ्या, अख्खं पाकीट कुटून दुधात. चमचा सापडेना, म्हणून बोटानं. दोन वर्षं त्यांचं अंथरूण धुऊन विटलो होतो. ही सबब नाही. अण्णा म्हणाले, कडू लागतंय रे, जरा चाखून बघ. मी म्हणालो, गोड आहे, मुकाट्यानं प्या. चाखलं नाही. ते माझ्यावर विसंबून —

१५ जून, रविवार
ताई बेल वाजवतेय. पिंजरे प्रयोगशाळेत, मग हे नाकतोडे माझ्या टेबलावर कसे? वहीवर, मनगटावर — चावत नाहीत. बोट चाचपतात आणि थांबतात. वाट बघतात. कळलं मला.
बोट जिभेला लावलं —
जीभ जड झालीय. हात उचलवत नाही. ताई हाका मारतेय —
अण्णा, कडूच होतं हो. तुम्ही म्हणालात तसंच क—