फुरसतीचा बंदोबस्त

प्रिय त्सोन्काताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. दाजींचा गुडघा आता समुद्रापर्यंत जाऊन परत येण्याइतका बरा झाला असेल, असं धरून चालते. तू पाठवलेला अंजिरांचा मुरंबा पोहोचला. म्हणजे बरणी पोहोचली. मुरंबा आमच्या ह्यांनी टपाल कचेरीतून घरी येतायेताच संपवला (वाट ती केवढी, पण माणूस निश्चयाचा).

आमच्या गावाबद्दल तुझ्या कानावर काहीबाही आलंच असेल, तर आता खरं ऐक. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पोरांनी उच्छाद मांडला. शाळेच्या छपरावर बोकड चढवला, चौकातल्या पुतळ्याच्या मिशा लाल रंगवल्या (शोभत होत्या, पण तसं बोलायची सोय नाही). नगराध्यक्षांनी सभा घेऊन सांगितलं की रिकामं मन सैतानाचं घर, पोरांना काहीतरी उद्योग लावा. लावणार कोण, तर निवृत्त संगीतशिक्षिका म्हणून मी. आणि जागा कुठली, तर म्हाताऱ्यांच्या क्लबाची खोली, जिथे आमचे हे आणि त्यांचे तीन सोबती सकाळपासून सोंगट्या खेळत बसायचे. चौघांना पटासकट बाहेर काढलं.

पहिल्याच दिवशी पोरांनी मला ढोलाच्या कपाटात कोंडलं. आत करमेना म्हणून मी ढोल बडवायला घेतला, तर बाहेर कार्टी हातात हात घालून फेर धरून नाचायला लागली! मग थांबेचनात. ज्याने बोकड चढवला तो मोमचिल त्यांचा म्होरक्या झाला. दिवसभर तालीम, दिवेलागणीला घरी जाऊन गुडूप. गाव इतकं शांत झालं की आमचा हवालदार मोजे विणायला शिकला. एके दिवशी मोमचिल माझ्याकडे आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "बाई, तुमचा ताल घसरतोय. तुम्ही आता घरी आराम करा." (मी घरी आले आणि दोन डझन मिरच्या विनाकारण भाजल्या.)

इकडे ते चार म्हातारे बाकावर. माणूस आभाळाकडे बघून बघून किती बघणार? आधी नगराध्यक्षांच्या मळ्यातली कलिंगडं गेली. मग भर दुपारी चर्चची घंटा वाजली आणि पाद्रीबाबा अर्धवट दाढीने धावत आले. शेवटी रविवारी नगराध्यक्षांची लाडा गाडीच नाहीशी झाली. सापडली ती नदीत, खिडक्यांपर्यंत पाण्यात, आणि टपावर चौघेजण कलिंगड खात बसलेले.

हवालदाराने सवयीने वही उघडली. "वय काय? आईवडिलांना बोलावून आण."

"एक्काहत्तर," आमचे हे म्हणाले. "आईवडिलांना यायला जरा जड जाईल."

नगराध्यक्षांनी पुन्हा सभा बोलावली, थेट खटला भरायला निघाले होते. गाडी कोण चालवत होतं तेवढं सांगा, बाकीच्यांना सोडतो, म्हणाले. चौघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. तेवढ्यात सभेत मोमचिल उभा राहिला. "त्यांच्याकडे फुरसत आहे आणि जागा नाही," तो म्हणाला. "आमचंही तेच होतं, तेव्हा तुम्ही आम्हाला जागा दिलीत. त्यांची काढून दिलीत." नगराध्यक्षांनी बराच वेळ टोपी चाचपली आणि खटला मागे घेतला. आता सकाळी खोली म्हाताऱ्यांची, दुपारी पोरांची. मधल्या तासाला दोघं मिळून नाचतात, आणि आमचे हे पोरांना सोंगट्यांत लबाडी शिकवतात.

बाकी सर्व क्षेम. दाजींना गुडघ्याला राकियाची दारू चोळायला सांग, प्यायला नको.

तुझी धाकटी,
नेदेल्का

ता.क. ह्यांना वाईट संगत लागली होती, एवढंच. मनाने अजून भाबडे आहेत.

ता.क. पुन्हा: ह्यांना गाडी चालवता येत नाही. त्या बाकीच्या तिघांनाही येत नाही. गाडी मी चालवत होते, आणि लोक जमायच्या आत पोहून काठाला लागले. हवालदार सध्या गाडीत राहिलेल्या माझ्या ओल्या चपलेचा जोड शोधतोय, तेव्हा मी शुक्रवारी महिनाभर तुझ्याकडे येते.

ता.क. शेवटचं: दाजींच्या गाडीची किल्ली लपवून ठेव. दिवसभर समुद्राकडे बघत बसणं मला जमायचं नाही.