हिरवा बाण आणि जळालेला पूल

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून उभ्याउभ्याच केलाय, चालवून घे. तुझी दाढ कशी आहे? काढलीस, की अजून एकाच बाजूनं चावतेस? माझी तब्येत ठणठणीत. साखर थोडी वर, ऐकू येणं थोडं खाली, बाकी सगळं जागच्या जागी. आता तू म्हणशील, याला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली? तर तू फोन उचलत नाहीस. अकरा वेळा लावला. आणि उचललास तरी मला बोलू कुठं देतेस? पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, स्वतः एक लिहिलं नाही. हे पहिलंच. शाळा सातवीत सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तुझं तू लावून घे.

मुद्द्यावर येतो. मी तुरुंगात आहे. खऱ्या नव्हे, खऱ्यात असतो तर शेजाऱ्यांनी तुला एव्हाना आनंदानं कळवलं असतं. आपल्या खेळातल्या. कॉम्प्युटरवरच्या.

तुला सगळं माहीत आहे, पण मला मधूनच सांगता येत नाही. टपाल वाटायच्या बीटवरसुद्धा मी पहिल्या घरापासूनच सुरुवात करायचो. तर ही गेल्यानंतर लेकीचा फोन आठवड्याला एकदा यायचा. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. बरं, ठेवते. एवढंच. पोरगी वाईट नाही, प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासते, तिथं बाटल्यांशी काय बोलणार, सवयच गेली असेल. आणि मी तरी काय बोलणार, माझ्याकडे बातमी काय, तर आज नळाला पाणी आलं. मग तूच म्हणालीस, अरे, आम्ही दोघी रविवारी चार वाजता तो खेळ खेळतो, तू पण ये. बहात्तराव्या वर्षी तू तिथं झाडावर राहणारी तिरंदाज, आठ जणांच्या टोळीची म्होरकी. मला आधी वाटलं, दाढेचं दुखणं डोक्यात गेलं. पण आलो. बाहुला निवडायचा होता, पहिला दिसला तो घेतला. शिंगवाला बुटका, दाढी गुडघ्यापर्यंत. तासभर कपडे आणि नाक निवडत बसणारी माणसं मला कळत नाहीत.

आणि खरं सांगतो, मजा आली. खेळात जमत नव्हतं काहीच, पण लेक कानात बोलायची. तासभर! बाबा, डावीकडे. बाबा, ती विहीर आहे. बाबा, तो आपलाच माणूस आहे, त्याला मारू नका. बाबा, परत विहीर. (अकरा वेळा पडलो त्या विहिरीत. खेळ करणाऱ्यांनी कठडा का बांधला नाही, हे त्यांना विचारायला हवं.) मध्येच हसायची. मध्येच सांगायची, बाबा, आज कामावर असं झालं. मी विहिरीत, ती वर, आणि आमच्या गप्पा.

आता माझी अडचण काय होती, ते तुला कधी कळलं नाही. तुला वाटतं, मी ढ. तसं नाही. त्या खेळात गावोगावची माणसं कामगिरी देतात. अमक्याला शोध, तमक्याला मार, हे त्याला नेऊन दे. ते सगळं एका चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आणि ती चिठ्ठी वाचायची असते. मी वाचत नाही. चौतीस वर्षांत दुसऱ्याचं पोस्टकार्डसुद्धा वाचलं नाही, उघडं असून. नजर पत्त्यावर, पत्त्याखाली नाही. साहेबानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पत्र पोचवणाऱ्याला डोळे दोनच ओळींपुरते असावेत. आता म्हातारपणी बाहुल्याच्या चिठ्ठ्या वाचू? मग वाट कशी कळणार? म्हणून मी जाईन तिकडे विहीर.

त्यावर तू एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणालीस, याच्या एकट्यापायी आठ जणांचा खोळंबा होतो. बरोबरच होतं. पण लागलं. बीटवर माझ्यामुळे एक पत्र उशिरा गेलं नाही कधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या चष्मेवाल्याकडे गेलो. तो गिऱ्हाईक नसताना हाच खेळ खेळतो. (गिऱ्हाईक असतानाही खेळतो, मला एकदा डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली होती.) तो म्हणाला, काका, एवढंच ना? ॲड-ऑन टाकतो. म्हणजे खेळाला वरून लावायचं ठिगळ. पडद्यावर एक हिरवा बाण येतो. बाण दाखवील तिकडे चालायचं. किती पावलं उरली, तेही सांगतो. चिठ्ठी वाचायला नको, विचारायला नको. वर तीन चौकोन होते. कामं आपोआप घे. होकार आपोआप दे. बोलणं गाळ. चष्मेवाला म्हणाला, यातलं काय हवं? मी म्हटलं, सगळ्यांवर खूण कर, उगाच घोळ नको.

अक्का, बीट म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी परत कळलं. बाण पुढे, मी मागे. एका दुपारी त्रेचाळीस कामं! कुणाला काय दिलं, कुणाचं काय तोडलं, काही ठाऊक नाही, पण हाताखालून गेलं. एका बाईला तिचीच कोंबडी सहा वेळा नेऊन दिली. ती दर वेळी सोडायची, मी दर वेळी आणायचो, दोघांचंही समाधान. एका म्हाताऱ्याच्या घरातले उंदीर मारले आणि मग उंदरांच्या पुढाऱ्याकडून म्हाताऱ्याला धडा शिकवायचं काम घेतलं. तेही केलं. दोघांनीही बक्षीस दिलं. मला वाटलं, सरकारी खातं दिसतंय.

मग काळ्या नदीवरचा पूल आला. तो तुमचा आहे हे मला दिसत होतं, फळीवर टोळीची खूण होती. तीन महिने एकेक फळी आणून तुम्ही तो उभा केला, पलीकडच्या किल्ल्यावर जायला. (त्यातल्या चार फळ्या माझ्याही होत्या. दोन विहिरीत पडल्या.) पूलनाक्यावरच्या जमादारानं मला पूल राखायचं काम दिलं. राखला. उभा राहिलो, काठी आपटली, झालं. लगेच पलीकडच्या झुडपातून एक काळ्या टोपीवाला आला आणि त्यानं पूल जाळायचं काम दिलं. मी घेतलं नाही, बाणानं घेतलं. होकारही बाणानं दिला. मला फक्त दिसलं, बाण बारा पावलं, हातात पलिता. मी पत्ता बघतो, मजकूर नाही. लावला. फार छान पेटला, हे मात्र सांगितलं पाहिजे. लाकूड चांगलं वापरलं होतं तुम्ही.

मग बाण परत जमादाराकडे. त्यानं एक सीलबंद पत्र हातात दिलं, राजाला पोचव म्हणून. आता बघ, सगळ्या खेळात माझ्या जोगं हे एकच काम. वाटेत तीन सराया लागल्या, प्रत्येक ठिकाणी पडदा विचारत होता, पत्र उघडायचं का? एवढ्या एका प्रश्नाला बाण आपोआप होकार देत नाही, तिथं माणसालाच बटण दाबावं लागतं. तीनदा नाही म्हटलं. चष्मेवाला नंतर डोक्याला हात लावून म्हणाला, काका, ते उघडायचंच असतं, अख्खं जग उघडतं, उघडून पळून जातं! उघडायचं? मी? राजाचं पत्र? राजवाड्यात गेलो, छाती काढून पत्र दिलं, पोच घ्यायला उभा राहिलो. राजानं वाचून दाखवलं. ‘हे पत्र घेऊन येणाऱ्यानेच पूल जाळला आहे. त्याला धरून ठेवावे.’

पोच मिळाली.

तर मंगळवारपासून मी आत आहे. कोठडी कोरडी आहे, तक्रार नाही. हिरवा बाण भिंतीकडे तोंड करून उभा आहे, ‘तीन पावलं’ म्हणतो. मी तीन पावलं चालतो, डोकं आपटतो, तो परत ‘तीन पावलं’ म्हणतो. दर तासाला कोतवाल येऊन विचारतो, पूल तूच जाळलास का? आणि मी चहाचा कप खाली ठेवीपर्यंत ठिगळ आपोआप होकार देऊन टाकतं. दर होकाराला तीस दिवस वाढतात. आज सकाळी शिक्षा एक हजार दोनशे तीस दिवस होती. खेळातले दिवस लहान असतात म्हणे, पण तरी.

चष्मेवाल्यानं चौकशी करून सांगितलं, होकार जातोय तोवर टोळीच्या म्होरक्यानं स्वतः तुरुंगाच्या दारात येऊन अंगठा दिला, तरच सोडतात. म्हणजे तू. म्हणजे जिचा पूल जाळला ती. खेळ करणाऱ्यांना बहीणभाऊ असणार.

बाकी सर्व क्षेम. थंड पाण्यानं चूळ भरत जाऊ नकोस.

तुझा
धाकटा

ता. क. १. माफीबिफी मला लिहिता येत नाही, तेव्हा एवढंच सांगतो. वरचं लिहून झाल्यावर आज दुपारी चष्मेवाल्याकडून ते ठिगळ काढून टाकलं. संध्याकाळी कोतवाल आला. पहिल्यांदाच प्रश्न मी स्वतः वाचला आणि ‘नाही’ म्हणायचं बटण समोर होतं. दाबलं असतं तर सुटलो असतो, चष्मेवाला शेजारी उभा राहून ओरडत होता. पण पूल मीच जाळला होता. ‘हो’ दाबलं. तीस दिवस वाढले. चष्मेवाला माझ्याशी बोलत नाहीये.

ता. क. २. रविवारी चारच्या आत ये. राजाचं आणि पुलाचं राहू दे बाजूला. बाण लावून मी दोन रविवार खेळलो, एकदाही चुकलो नाही. पहिल्या रविवारी लेक म्हणाली, अरे वा बाबा, आता तुम्हाला सगळं कळतं की. आणि गप्प बसली. तासभर. दुसऱ्या रविवारी तेवढंही नाही. मी मुद्दाम विहिरीकडे निघालो, तर बाणानं वळवून आणलं. आता या रविवारी मी दिसलोच नाही, तर तिला वाटेल, बाबांना कंटाळा आला. आणि मग परत जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. तेव्हा मला बाहेर काढ आणि नेऊन विहिरीपाशी उभा कर. तिला एवढंच सांग, बाबांचा बाण बिघडला, आता दुरुस्त होत नाही. खोटं तू बोल, तुला सवय आहे. पुलाच्या फळ्या मी एकटा आणीन, उशीर होईल, पण आणीन.

ता. क. ३. चष्मेवाल्याची बायको म्हणाली, पत्र लिहून झालं की एकदा वाचून बघावं, काही भलतंच गेलं असेल तर खोडता येतं. पण पाकिटावर नाव तुझं घातलंय. दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही. आत काय आहे ते तुझं तू बघ.