मागच्या सीटचे गुण

ता. ३ मार्च

चि. पंडितास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. फोनच केला असता, पण हे पलंगावर पडल्या पडल्या माझं बोलणं ऐकतात आणि मध्येच दुरुस्त्या सुचवतात. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस आडवा झाला की घरातलीच रहदारी बघत बसतो.

ह्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. व्यायामाच्या केंद्रात आठवड्यातून तीनदा न्यावं लागतं, जाऊन-येऊन शहात्तर किलोमीटर. डॉक्टर म्हणाले, वर्षभर एकही खेप चुकली नाही तर काठी घेऊन चालतील. चुकली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपली जुनी गाडी मागच्या आठवड्यात चढावर दोनदा बंद पडली, तेव्हा नवी घेणं आलंच. ह्यांना मागे पाय लांब करून बसता येईल अशी छोटी एसयूव्ही आम्ही पसंतही केली. पण तिचा एक स्पोर्टी अवतार निघालाय, काळा, लाल रेघांचा. त्याचं चित्र कापून ह्यांनी उशाशी ठेवलंय. दिवसभर कारखान्यात गणवेशांचं कापड कापून मी घरी येते आणि हे मला लाल रेघा दाखवतात. भांडायलाही अंगात जीव लागतो रे.

तुझ्या मासिकासाठी तू तीच गाडी तपासतो आहेस असं कळलं. तुझा शब्द हे मानतात. साधीच बरी, एवढा निकाल देऊन टाक.

आठवण काढत असशीलच, अधूनमधून कागदावरही काढ.

तुझी ताई


ता. ८ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

निकाल आधी आणि चौकशी मागाहून, ही तुझी पद्धत माझ्या लहानपणी मी पुरेशी भोगली आहे. तरी चौकशी करतो, पगार तिचाच मिळतो. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला गाड्या तपासायला ठेवताना संपादक म्हणाले होते की तुला अलंकार आणि अर्थ निराळे करता येतात. त्यानंतर बावीस वर्षांत त्यांनी विनोद केलेला नाही.

लाल रेघा, लाल शिलाई, मागची दोन धुराडी (पैकी एक नुसतं शोभेचं) हे सगळे अलंकार. अर्थात फरक दोनच. एक, स्प्रिंगा कडक आणि चाकं मोठी केली आहेत, म्हणजे खड्डे जास्त लागतात. दोन, गिअर आपोआप बदलतात, क्लच नाही. ही सोय साध्या गाडीत मिळत नाही. बाकी वळणावर गाडी सांगितलेलं ऐकते, म्हणजे माझ्या घरच्यांपेक्षा बरी.

मागच्या सीटची परीक्षा आम्ही कशी घेतो ते तुला ठाऊक नसेल. वाळूच्या दोन गोण्या, पासष्ट-पासष्ट किलोच्या, पट्ट्याने बांधून गाडी पळवतो. बावीस वर्षांत एकाही गोणीने तक्रार केलेली नाही.

गुरुवारी गाडी घेऊन येतो. खेपेला तू चालव, दाजी मागे बसोत, मी तुझ्या शेजारी वही घेऊन बसेन. गोण्या घरी ठेवून येईन.

लोभ आहेच. वाढवायला त्राण नसेल तर आहे तेवढाच राहू दे.

तुझा, पंडित


ता. १३ मार्च

प्रिय पंडित, स. न. वि. वि.

हे पत्र केंद्रातल्या नर्सबाईंच्या हाती टाकायला देतो आहे. तुमच्या ताईला कळवू नये.

परवा सगळ्या रस्ताभर मी छान आहे म्हणत होतो आणि तुम्ही ते वहीत उतरवून घेत होतात. ते खोटं होतं. खड्डा आला की खुब्यात कुणी पाचर ठोकतंय असं वाटायचं. पण बसवाल्याची आरशात बघायची खोड जात नाही. आरशात तुमची ताई होती. ती डावखुरी. कात्री त्याच हातात, गिअरही त्याच हातात. त्या हाताचा अंगठा कामातून गेलाय. पट्टी मला दिसू नये म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवते. जुन्या गाडीत गिअर टाकताना ती ओठ दाबते. परवा ओठ सैल होते. दुसऱ्या चढावर तर चक्क गुणगुणत होती. दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं.

लाल रेघांचं म्हणाल तर ते माझं सोंग. तुझ्या हातासाठी ही गाडी घेऊ असं म्हटलं असतं तर तिने जुनीच ढकलत नेली असती. म्हणून हट्ट माझ्या नावावर घेतला. तेव्हा स्पोर्टीच उत्तम असं लिहा. खुब्याला होईल सवय.

कृपादृष्टी असावी, आणि तोंड बंद असावं.

तुमचा, दाजी


ता. १४ मार्च

चि. पंडितास अ. आ.

ह्यांना यातलं काही सांगायचं नाही. गाडी मला आवडली. तू शेजारीच होतास, तेव्हा लपवून काय उपयोग. हात दुखला नाही, हे घरी येऊन जेवायला बसल्यावर लक्षात आलं.

पण आरशात ह्यांची मूठ दिसत होती. दाराच्या वरची कडी धरलेली, बोटं पांढरीफटक. छान आहे, छान आहे म्हणत होते, पण प्रत्येक खड्ड्यानंतर. सपाट रस्त्यावर एकदाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या चढावर माझे डोळे भरून आले. हे आरशात बघतील म्हणून काहीतरी गुणगुणायला लागले.

तेव्हा साधीच बरी असं लिही. हाताची मला सवय आहे.

तब्येतीला जप, आमच्यात आणखी एकाची भर नको.

ताई


ता. २१ मार्च

ती. ताई व ती. दाजी यांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघांनी एका दिवसाच्या अंतराने, एकाच गाडीबद्दल, उलटसुलट निकाल मागितलेत आणि वर दुसऱ्याला कळवू नये म्हणालात. दोन गुपितं सांभाळायचं माझं वय राहिलेलं नाही. सोबत ताईचं पत्र दाजींसाठी आणि दाजींचं ताईसाठी. वाचा. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मी दूर राहतो.

खरा दोषी मीच. तुम्हा दोघांबरोबर गाडीत बसून मला काही दिसलं नाही. तुमच्यापुढे आरसा होता, माझ्यापुढे वही. वहीत लिहिलं होतं, मागच्या प्रवाशाची तक्रार नाही, दहापैकी आठ.

काल आमच्या फोटोग्राफरला चालवायला बसवलं आणि मी मागे बसलो, पाय लांब करून, तसल्याच रस्त्यावर अडतीस किलोमीटर. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तेराव्या किलोमीटरला मी आजवरच्या सगळ्या गुणांबद्दल माफी मागितली. त्याला वाटलं, माझं डोकं आपटलं. मग गॅरेजमध्ये साध्या गाडीची चाकं हिला बसवून पाहिली. एक इंचाने लहान, टायर जाड, बोल्ट तेच. पुन्हा तोच रस्ता. पाचर नाही, कुणी कोपराने ढोसावं इतपत. पण माझा खुबा धड आहे, माझ्या शब्दावर जाऊ नका.

याच चाकांवर गाडी गुरुवारी सकाळी तुमच्या दारात पाठवतो. एक खेप करा. दाजींना ‘छान’ हा शब्द वर्ज्य. दुखलं तर दुखलं म्हणायचं. ताईला गुणगुणणं वर्ज्य. मागच्या सीटचा रकाना मी खोडून कोरा ठेवला आहे आणि संपादक माझ्या नावाने बोटं मोडताहेत.

तुमचा, आजवर गोण्यांवर विसंबलेला,
पंडित


ता. २६ मार्च

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी आम्ही एकमेकांची पत्रं वाचली. संध्याकाळी ह्यांनी कपाटातली पट्टी मागितली आणि माझ्या अंगठ्याला बांधली. वाकडीच बांधली. मी तशीच राहू दिली.

काल खेप झाली. जाताना हे दोनदा दुखलं म्हणाले, मी दोनदा वेग कमी केला. तुझ्या ताकिदीप्रमाणे मी गप्प होते. येताना मागून काहीच ऐकू येईना, म्हणून आरशात पाहिलं. मूठ कडीवर नव्हती. तोंड उघडं, पट्टा बांधलेला, वळण आलं की सगळं अंग इकडून तिकडे, अगदी तुझ्या गोणीसारखं. घोरत होते. ऑपरेशनपासून गोळीशिवाय झोप नव्हती.

घर आलं तरी मी उठवलं नाही. इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण माझाही डोळा लागला.

त्या रकान्यात काय भरायचं ते आता तू ठरव.

तुझी ताई